पाचवा आकडा

अर्धवट सोडलेल्या पदवीच्या प्रवेशाचा फॉर्म भरायच्या आदल्या रात्री मी एका कागदावर माझा आठवडा मांडला. आठवड्याचे तास १६८. रोज सात तास झोप धरली की ४९ गेले. पॅथॉलॉजी लॅबमधली माझी नोकरी अर्धवेळ, सकाळी सात ते अकरा, सहा दिवस, म्हणजे २४. चार विषय घेतले तर वर्ग १२ तासांचे. वर्गातल्या एका तासामागे घरी दोन तास अभ्यास धरा, असं विभागातल्या मॅडमनी सांगितलं होतं, म्हणून आणखी २४. जाण्यायेण्याचे १०. उरले ४९, म्हणजे दिवसाला सात. घर, मुलगी, सासूबाई, नातीगोती, दुखणीखुपणी, सगळ्यांना मिळून रोज सात तास. मला ते भरपूर वाटले. नवऱ्याला कागद दाखवला, त्यालाही हिशोब पटला.

बेरीज-वजाबाकीत चूक नव्हती. ते सात तास दिवसात नेमके कुठे पडतील, हे मात्र मी मांडलंच नव्हतं.

मी एकविसाव्या वर्षी संख्याशास्त्राची पदवी दुसऱ्या वर्षानंतर सोडली. वडील अंथरुणाला खिळले होते, मिळेल ती नोकरी धरली. मग लग्न, मग मुलगी. अठरा वर्षं गेली. परत जावं असं वाटायला लागलं ते लॅबच्या काउंटरवर. रिपोर्ट हातात देताना माणसं एखाद्या आकड्यावर बोट ठेवून विचारायची, "हा ठळक का छापलाय? काही गंभीर आहे का?" मी म्हणायचे, "डॉक्टरांना दाखवा." ते उत्तर बरोबरच होतं, आजही मी तेच देते. पण तो आकडा ठळक कशामुळे होतो, ती मर्यादा कोण आणि कशी ठरवतं, हे एके काळी मला शिकायचं होतं आणि ते अर्धवट राहिलं होतं. दिवसातून दहा वेळा तीच जागा टोचायची.

वर्गात सगळी विशीतली मुलं. पहिल्या दिवशी मी आत शिरले तर चार जण उभी राहिली, त्यांना मी शिकवायला आले असं वाटलं. आठवड्याभरात मी सगळ्यांची ताई झाले. मुलांनी मला कधीच परकं वाटू दिलं नाही. अवघड गेलं ते वेगळंच. फळ्यावर इंटिग्रेशनचं चिन्ह आलं की माझा हात थांबायचा. ते मी कधी तरी रोज सोडवत होते हे आठवायचं, कसं ते आठवायचं नाही. पहिले तीन आठवडे मी बारावीचं गणिताचं पुस्तक घेऊन बसले. वर्ग पुढे जात होता आणि मी मागे जाऊन रस्ता दुरुस्त करत होते. पुन्हा शिकायला जाणाऱ्या कुणीही हे तीन आठवडे प्रवेशाच्या आधी घालवावेत, असं मी मनापासून सांगेन. माझे ते सत्र सुरू झाल्यावर गेले आणि शेवटपर्यंत भरून निघाले नाहीत.

आता त्या रोजच्या सात तासांविषयी. अकराला लॅबमधून सुटायचं, घरी यायचं, तासभर काही तरी आवरायचं, परत निघून एकच्या वर्गाला पोहोचायचं. चारला सुटका. पाच ते दहा घर. या पाच तासांत अभ्यासाला वेळ मिळायचा नाही असं नाही. मिळायचा, पण वीस मिनिटं इथे, पंधरा तिथे. वही उघडायची, मागच्या वेळी कुठे थांबलो ते शोधायचं, सूत्र डोक्यात बसतंय तोवर दाराची बेल. परत बसलं की पुन्हा पहिल्या ओळीपासून. एखादी सिद्धता समजायला सलग चाळीस मिनिटं लागत असतील, तर वीस-वीसच्या दोन तुकड्यांत ती समजत नाही, चारांतही समजत नाही.

म्हणून खरा अभ्यास रात्री दहानंतर सुरू व्हायचा. घर शांत, टेबलावर दिवा. मला ती वेळ फार आवडायची. नोट्स वाचायच्या, पिवळ्या पेनाने रेघा मारायच्या, पुन्हा वाचायच्या. ओळी ओळखीच्या वाटायला लागल्या की समाधानाने झोपायचं. साडेदहाचे साडेबारा झाले. पाचचा गजर तसाच राहिला.

झोपेवर झालेल्या प्रयोगांत असं दिसलंय, की सतत १७ तास जागं राहिलेल्या माणसाचं लक्ष आणि हालचालींवरचा ताबा, रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतका ढिला पडतो. पहाटे पाचला उठणाऱ्याचे १७ तास रात्री दहाला भरतात. मी नेमकं तेव्हा पुस्तक उघडत होते.

तीन आठवडे असं चाललं. मग एका सकाळी मी एका गृहस्थांचा रिपोर्ट दुसऱ्याच माणसाच्या पाकिटात घातला. आडनाव एकच होतं. ज्यांच्या हातात पाकीट दिलं त्यांनी काउंटरवरच उघडून नाव वाचलं आणि शांतपणे म्हणाले, "हे माझे वडील नाहीत." चूक तिथल्या तिथे सुधारली. पण त्या रिपोर्टमधली साखर मी आधी पाहिली होती. तो आकडा भलत्या घरी गेला असता तर काय झालं असतं, हे मला दिवसभर सुटेना. वरिष्ठांना मी स्वतः जाऊन सांगितलं. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुमच्याकडून असं कधी झालं नव्हतं." त्या रात्री मी साडेदहाला दिवा बंद केला. झोपेतून अभ्यासाला वेळ काढायचा नाही, हा नियम मी त्या दिवसापासून मोडलेला नाही. परीक्षेच्या आदल्या रात्रीही नाही.

सत्राचा निकाल लागला. चारांपैकी तीन विषय सुटले, संभाव्यता सिद्धांत राहिला. ज्या विषयाच्या नोट्सवर सर्वांत जास्त पिवळ्या रेघा होत्या, तोच. घरी येऊन मी मुलीला सांगितलं, "माझा एक विषय राहिला." ती आठवीत आहे. ती म्हणाली, "पण तू तर रोज वाचायचीस." तिला उत्तर देता आलं नाही, कारण मलाच ते कळत नव्हतं.

पुढे कळलं. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी पुस्तक मिटून आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तर लिहून काढणारे पुढे. मी रोज रात्री पाच मिनिटांची परीक्षा पास होत होते.

सुट्टीत सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यात दोन वेगवेगळे थेंब घालायचे, दिवसातून चार वेळा, आणि दोन थेंबांत किमान पाच मिनिटांचं अंतर. पहिला घातला की दुसऱ्याची वाट बघत त्या डोळे मिटून पडून राहायच्या आणि मी शेजारी बसून असायचे. वाचता येत नाही, टीव्ही बघायचा नाही, त्या कंटाळून गेल्या होत्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "अगं, तू काय शिकतेस ते तरी सांग. नुसतंच बसलीयस."

मी सांगायला लागले. पाच-पाच मिनिटांचे तुकडे, दिवसाचे चार. सासूबाईंना शाळा सातवीपर्यंतच मिळाली. पण त्यांच्यासमोर मला एकही शब्द उसना घेता येत नव्हता. 'व्हेरिअन्स', म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप, असा शब्द काढला की त्या विचारणार, "म्हणजे काय?" आणि मला ते साध्या बोलण्यात सांगता आलं नाही तर मला ते येत नाही, हे दोघींनाही तिथल्या तिथे कळणार. पुष्कळ गोष्टी मला येत नव्हत्या. संध्याकाळी पुस्तक काढून तेवढंच बघायचं आणि सकाळच्या थेंबांना पुन्हा सांगायचं.

एकदा मी त्यांना 'डिग्रीज ऑफ फ्रीडम', म्हणजे किती आकडे मोकळेपणाने बदलू शकतात, ते सांगत होते. नमुन्याचा व्हेरिअन्स काढताना आकडे पाच असले तरी भागायचं चाराने, ते का, हा प्रश्न. मी म्हटलं, "आई, समजा पाच आकडे आहेत आणि त्यांची सरासरी दहा आहे हे आधीच ठरलंय. म्हणजे बेरीज पन्नास. पहिले चार आकडे तुम्ही हवे ते घ्या. सात घ्या, बारा घ्या, नऊ घ्या, पंधरा घ्या. झाले त्रेचाळीस. आता पाचवा?"

"सात."

"तो तुम्हाला बदलता येईल?"

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "नाही. सगळ्यांनी आपापलं घेतलं, आता शेवटच्याला उरेल ते. त्याला कुणी विचारतंय थोडंच."

दुसरा थेंब घालायची वेळ झाली होती. मी तो घातला, गजर बंद केला आणि बाटली हातात धरून तशीच बसून राहिले. माझ्या त्या कागदावर १६८ ची बेरीज आधीच ठरलेली होती. नोकरीने आपले तास घेतले होते, वर्गाने घेतले होते, घराने न विचारता घेतले होते. अभ्यास पाचवा होता. कागदावर मी त्याला २४ तास लिहिले होते, पण रोजच्या दिवसात त्याच्या वाट्याला उरेल ते येत होतं. आणि उरायची ती रात्र.

बेरीज काही बदलत नाही, आठवडा १६८ तासांचाच. पण पाचव्या जागी कुणाला बसवायचं, हे ठरवता येतं. पुढच्या सत्रात मी तेवढंच केलं.

सगळ्यात आधी विषय चारावरून दोनावर आणले. एक राहिलेला संभाव्यता सिद्धांत, एक नवा, सांख्यिकीय अनुमान, म्हणजे थोड्या नमुन्यावरून सगळ्यांविषयी काय म्हणता येईल ते. याचा अर्थ पदवीचं एक वर्ष दोन वर्षांचं झालं. हे ठरवताना मी रडले, ते लिहायला मला संकोच वाटत नाही. अठरा वर्षांच्या उशिरावर आपणच आणखी एक वर्ष चढवायचं, हे सोपं नव्हतं. पण दोन विषयांचे वर्ग सहा तास, त्यामागे अभ्यास बारा तास, आणि बारा तास मला खरंच काढता येण्यासारखे होते.

मग अकरा ते एक. लॅबमधून घरी जायचं बंद केलं. सरळ कॉलेजच्या वाचनालयात, पावणेबारा ते एक, सव्वा तास. वर्ग दोनच दिवस असले तरी वाचनालयात मी चार दिवस जाते. खिडकीजवळची जागा, फोन बंद करून बॅगेत. सिद्धता आणि लांब गणितं फक्त इथेच सोडवायची. निघायच्या आधी वहीत एक ओळ लिहायची, 'उद्या इथून, या पायरीपासून, अडलंय ते हे.' पूर्वी पहिली दहा मिनिटं मी कालची जागा शोधण्यात घालवायचे, ती वाचली. या एका ओळीने मला जितका हात दिला तितका कुठल्याच वेळापत्रकाने दिला नाही.

तुकड्यांच्या वेळेला तुकड्यांचं काम. पोस्टकार्डाएवढे कागद कापले, एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. व्याख्या, सूत्रं, कुठली चाचणी कधी वापरायची. येणारं कार्ड चार दिवसांनी, न येणारं उद्या पुन्हा. बसमध्ये, रांगेत, दार उघडायला कुणी यायची वाट बघताना. हर्मान एबिंगहाउसने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं, की पाठ केलेलं पहिल्या काही तासांत सर्वांत वेगाने विसरतं आणि मग विसरण्याचा वेग मंदावतो. त्यामुळे आज शिकलेलं उद्या एकदा उघडणं आवश्यक. त्याला वीस मिनिटं लागत नाहीत, पाच पुरतात.

घरातला बदल मात्र कार्डांनी झाला नाही, त्यासाठी बोलावं लागलं. नवरा पहिल्यापासून म्हणायचा, "तू सांग, मी करतो." आणि सांगितलेलं तो करायचाही. पण सांगायचं लक्षात ठेवणं माझ्याकडेच. मुलीच्या शाळेची सूचना आली, फी भरायची तारीख, सहलीचं संमतिपत्र, सगळं माझ्या फोनवर, माझ्या डोक्यात. वाचनालयात बसूनही मी तिथेच असायचे. एका रविवारी आम्ही बसून कामं वाटली आणि मी एकच अट घातली, जे काम ज्याचं, ते लक्षात ठेवणंही त्याचं. शाळेच्या पालकांच्या ग्रुपमध्ये तो आला, मी बाहेर पडले. पहिल्या महिन्यात एक तारीख चुकली, दंड भरावा लागला. मी काही बोलले नाही. खरं सांगायचं तर ओठावर आलेलं गिळलं. दुसऱ्या महिन्यात काही चुकलं नाही.

लॅबमध्येही बोलले. पूर्वी मी परीक्षा जवळ आली की धास्तावून रजा मागायचे. या वेळी सत्राच्या पहिल्याच आठवड्यात परीक्षेच्या तारखांचा कागद वरिष्ठांपुढे ठेवला आणि त्या दोन आठवड्यांत सहाऐवजी चार दिवस येण्याची परवानगी मागितली. तेवढा पगार कापला जाईल हे मान्य केलं. तीन महिने आधी सांगितल्यामुळे त्यांनी बदली माणूस सहज बघितला. माझी गैरसोय आधी कळवली तर ती लोकांना सांभाळता येते, हे मला चाळिशीच्या उंबरठ्यावर कळलं.

आणि मग पाचव्या जागी कोण गेलं? कुणी तरी जाणारच होतं. घराची टापटीप गेली, तिचं मला फारसं वाटत नाही. संध्याकाळच्या मालिका गेल्या. पण एक मैत्रीणही गेली. दर शनिवारी आम्ही दोघी तासभर फिरायला जायचो, ते पंधरा दिवसांनी झालं, मग महिन्याने, मग फोनवर. ती कधी रागावली नाही. तिच्या वडिलांच्या आजारपणाचं मला तिसऱ्याकडून कळलं, तेव्हा आमच्यातलं काय तुटलंय ते समजलं. मी तिला भेटून आले, बराच वेळ बसले. तरी पूर्वीचं ते अजून आलेलं नाही. दुसऱ्या कुणी हा रस्ता धरला, तर पाचव्या जागी माणूस बसत नाहीये ना, हे दर महिन्याला बघावं. माझ्याकडून ते बघायचं राहिलं.

या सत्रातला सर्वांत मोठा आनंद मला लॅबमध्येच मिळाला. अनुमानाच्या वर्गात रिपोर्टवरच्या सामान्य मर्यादेचं उदाहरण निघालं. ती मर्यादा सहसा अशी ठरवतात, की निरोगी माणसांपैकी मधले ९५ टक्के तिच्यात बसावेत. म्हणजे पूर्ण निरोगी असलेल्या दर वीस माणसांत एक जण सरासरीने मर्यादेबाहेर जाणारच. आता एकाच निरोगी माणसाच्या वीस चाचण्या केल्या आणि त्या एकमेकींवर अवलंबून नाहीत असं धरलं, तर किमान एक आकडा ठळक छापून येण्याची शक्यता किती? ०.९५ चा विसावा घात काढायचा आणि एकातून वजा करायचा. उत्तर सुमारे ६४ टक्के. मी वर्गात मोठ्याने "अगं बाई!" म्हणाले. सगळी वळून बघायला लागली. सहा वर्षं मी ते ठळक आकडे आणि त्यामागचे धास्तावलेले चेहरे बघत होते.

दुसऱ्या दिवशी काउंटरवर एका बाईंनी विचारलं, "हा एकच आकडा बाहेर आहे, काही गंभीर असेल?" मी पूर्वीसारखंच म्हटलं, "डॉक्टरांना दाखवा, तेच नीट सांगतील." पण आधी त्यांना बसायला सांगितलं आणि एवढं जोडलं, की एखादा आकडा थोडा बाहेर असणं बऱ्याच जणांच्या रिपोर्टमध्ये दिसतं. त्यांच्या खांद्यांवरचा ताण उतरताना मला दिसला.

त्याच विषयात 'स्टुडंट्स टी' नावाची चाचणी आली. मला वाटायचं ते नाव विद्यार्थ्यांसाठी सोपी केलेली चाचणी म्हणून पडलं असावं. तसं नाही. विल्यम गॉसेट हे डब्लिनमध्ये गिनेस या बिअरच्या कारखान्यात नोकरीला होते. तिथे हाताशी मोजमापं थोडीच असायची, आणि थोड्या मोजमापांवरून विश्वासाने काय म्हणता येईल हा त्यांचा रोजच्या कामातला प्रश्न होता. कारखान्यातून रजा घेऊन ते १९०६-०७ मध्ये लंडनला संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांच्याकडे शिकायला गेले आणि १९०८ साली त्यांनी निबंध छापला. कंपनी नोकरांना स्वतःच्या नावाने छापू देत नसे, म्हणून खाली नाव घातलं 'स्टुडंट'. नोकरी करत करत शिकलेला माणूस, आणि चाचणीला नाव पडलं ते विद्यार्थी हेच. मी ते कार्डावर लिहिलं. परीक्षेत त्याचा उपयोग नव्हता, तरी लिहिलं आणि बॅगेच्या पुढच्या कप्प्यात ठेवलं.

अनुमानाच्या पेपरात टी-चाचणीचं गणित आलं. नऊ निरीक्षणं. डिग्रीज ऑफ फ्रीडम आठ लिहिताना मला थेंबांची बाटली आठवली. संभाव्यतेचा पेपर अवघड होता, पण कोऱ्या कागदावर बसून आठवायची सवय हाताला झाली होती. अडलं तिथे थांबले, पुढचं सोडवलं, परत आले.

दोन्ही विषय सुटले. सासूबाईंचा डोळा आता स्वच्छ आहे. निकालाचा कागद त्यांनी चष्म्याशिवाय लांब धरून वाचला आणि विचारलं, "आता किती राहिले?"

"तीन."

"मग या वेळी तीनही घेतेस?"

मी पुढच्या सत्राचा फॉर्म टेबलावर ठेवला. दोन विषयांसमोर खूण केली आणि तिसऱ्यासमोरची चौकट रिकामी ठेवून सही केली.